विमानाचे चक्रावरण
घरी विमान बांधणारे अमेरिकन हौशी लोक चाकावरील ज्या आवरणास ‘पँट’ म्हणतात, त्यास इंग्रज ‘स्पॅट’ म्हणतात. मराठीत चक्रावरण म्हणावे. स्पॅट म्हणजे मूळचे, चिखल उडू नये म्हणून बुटावर घालावयाचे आच्छादन. गंमत अशी की, या आवरणातच चिखल साचून चाक अडकू शकते. म्हणून टायरभोवती मोकळे अंतर ठेवावे लागते.

फोमचा ठोकळा अश्रुबिंदूसारखा घडवून त्यावर काचतंतूंचे कापड राळेने चढवितात व मग ठोकळा काढून टाकतात. ठोकळा पॉलिस्टायरीनचा असल्यास राळ इपॉक्सीच हवी. पॉलिएस्टर राळेने तो विरघळतो. बसविताना विमान उचलून उड्डाणातील स्थितीत आणावे. कारण भाराने चाकांचे लवचिक पाय फाकतात, आणि जमिनीवर सरळ भासणारे आवरण आकाशात तिरपे होऊन, जो वायुरोध घटवावयाचा तोच वाढविते.