रातपाळीची लाईट

दुपारी चार. मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, दिवसातला शेवटचा चहा. यानंतर चहा नाही आणि सातनंतर पाणीही बेतानंच, कारण रात्री लघवीला उठले की परत अंथरुणाकडं न येता ते दाराकडं वळतात. चहा होईपर्यंत समोर हळदीचं टोपलं ठेवते. कांडी एकीकडं, गोळा एकीकडं. वसमतच्या बाजारात दोन्हींचा भाव वेगळा, त्यामुळं ही निवड त्यांनी हयातभर केलेली. नातवाचं नाव आठवत नाही, पण बोटं चुकत नाहीत. रात्री ते झोपले की मी दोन्ही ढीग परत एक करते. उद्याला काम पाहिजे ना.

सहा. ऊन उतरलं की त्यांची घालमेल सुरू होते. अंधार पडायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावायचे. स्मृतिभ्रंशाच्या या आजारात मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळच बिघडतं, म्हणून मावळतीला गोंधळ वाढतो, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. खांबाच्या सावलीत त्यांना माणूस दिसतो. उजेड असला की सावल्याच कमी. गावात याला म्हातारचळ म्हणतात, कुणी बाहेरचं लागलंय म्हणतं. साठीपुढच्या दर शंभरात सात जणांना हा आजार असावा, असा अंदाज देशपातळीवरच्या एका अभ्यासातून 2023 मध्ये छापून आला. शहरापेक्षा खेड्यात जास्त. म्हणजे आमच्या गावातही आणखी घरं असणारच, फक्त बोलत कुणी नाही.

आठ. भाकरी, पातळ वरण, गोळ्या.

नऊ. आता बंदोबस्त. दाराची कडी छातीच्या उंचीवर होती, तिथंच त्यांचा हात जातो. म्हणून दुसरा बोल्ट खाली उंबऱ्यालगत बसवून घेतला. तिथं ते कधी बघत नाहीत. दारावर भिंतीच्या रंगाचा पडदा. दारासमोर काळं काही अंथरलं तर अशा माणसाला खड्डा वाटतो आणि तो मागं फिरतो, असंही सांगतात. मामांनी जन्मभर नाल्या-चाऱ्या ओलांडल्या. घोंगडीला काय भितात! वर पाय अडकून पडायची भीती, म्हणून तो बेत सोडला. दाराला चुंबकाची घंटी आहे, पण ती वाजते आमच्या खोलीत. त्यांच्या कानाशी वाजली तर घाबरतील. टोपी आणि चपला नजरेआड. दाराशी चपला दिसल्या की माणूस निघतोच. बॅटरी मात्र उशाशीच, कारण ती सापडली नाही की सगळं घर पालथं घालतात.

येणारे-जाणारे सल्ले देतात. बाहेरून कुलूप लावा, झोपेची गोळी द्या, एकीनं तर बाजेला बांधा म्हणून सांगितलं. एकट्या माणसाला कुलपात ठेवून कुठं आग लागली तर? आणि झोपेच्या गोळीनं गोंधळ वाढतो, तोल जातो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती द्यायची नाही.

मामा रात्री उठून कुठं निघतात, हे कळायला मला वेळ लागला. लोक म्हणतात, भटकतात. भटकत नाहीत हो, कामावर निघतात. शेतीपंपाची थ्री-फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ऐन थंडीत मध्यरात्री उठून, विंचूकाट्यातून बॅटरीच्या उजेडात मोटर चालू करायची आणि पहाटेपर्यंत दारे धरायची, असं त्यांचं आख्खं आयुष्य गेलं. आता शेतात सौरपंप आहे. रात्री जायची गरज घरात कुणालाच उरलेली नाही, त्यांना सोडून.

दोन. घंटी वाजायच्या आधीच मला बाजेची करकर ऐकू येते. यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, जागायची पाळी एक वाजता संपलेली, आता माझी.

"लाईट आली का गं?"

"नाही मामा. डीपी जळालाय."

"आरं तिच्या मारी! कवा?"

"सांजच्यालाच. लाईनमन उद्या येतो म्हणलाय."

मग दहा मिनिटं लाईटवाल्यांचा उद्धार. मीही त्यात भर घालते, त्यासाठी मला खोटं बोलावं लागत नाही. तेवढ्यात मोरीत नेऊन आणते, घोटभर पाणी देते, पाय दाबते. सौरपंप बसलाय, तुमचं वय झालंय, असं खरं सांगितलं की ते चिडतात, दार धरून बसतात. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाला म्हटलं की त्यांना पटतं. या भागात त्याइतकी पटणारी दुसरी गोष्ट नाही. असंच जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या एका वृद्धाश्रमानं दारासमोर खोटा बसथांबा उभारला. घरी निघालेली म्हातारी माणसं तिथं बसतात, बस येत नाही, आणि जरा वेळानं कशासाठी निघालो तेच विसरतात. फसवणूक म्हणा हवं तर.

खरा धोका मार्चात. हळद काढून झालेली, शिवारात रात्रभर शिजवणी चाललेली, कुकरखालचा जाळ लांबून दिसतो. तो दिसला की मामांना डीपीही थोपवत नाही. म्हणून त्या बाजूची खिडकी दिवस मावळतानाच लावून घेते. शिजवणीवरच्या पोरांना सांगून ठेवलंय: मामा दिसले तर ओढाओढ करू नका, चहा पाजा, बसवा आणि फोन करा. बाहेर पडलेच तर आधी बिनकठड्याच्या विहिरीवर जायचं, मग कालव्यावर, घरातली शोधाशोध नंतर. 112 ला लगेच फोन. पोलिसांकडं जायला चोवीस तास थांबावं लागतं, हा गैरसमज आहे. सदऱ्याच्या आतून आमचा नंबर शिवलाय, हातातल्या कड्यावरही कोरलाय. जपानमधल्या इरुमा शहरात अशा माणसांच्या नखावर क्यूआर कोडचं स्टिकर लावतात. जपानभरात 2023 या एका वर्षात अशा बेपत्ता माणसांच्या 19 हजारांवर नोंदी झाल्या.

चार. एखाद्या रात्री चारदा-पाचदा उठले, अचानक जास्तच बरळायला लागले, तर आजार वाढला म्हणून गप्प बसायचं नाही. लघवी तपासायची. म्हाताऱ्या माणसात जंतुसंसर्ग आधी डोक्यात दिसतो, ताप मागून येतो, कधी येतही नाही.

साडेपाच. उजाडायला लागलं की पडदा बाजूला, दोन्ही कड्या उघड्या. टोपी, चपला, बॅटरी त्यांच्या हातात.

आठ. ऊन पॅनलवर आलं की हे त्यांना शेतात नेतात आणि मोटरचं बटन त्यांनाच दाबायला लावतात. उन्हाळी भुईमुगात पाणी येतं. मामा सऱ्यांच्या टोकापर्यंत चालत जातात, एखादं दार फोडतात, पायानं चिखल सारतात. घरी आले की बाजेवर बसून म्हणतात, "आता झोपू दे पोरी, रातभर दारे धरलीत." आणि मी पुन्हा हळदीचं टोपलं पुढं करते, कारण आता झोपले तर रात्री आमचं खरं नाही.