टँकर उभा राहतो तिथे



मी शेतकी खात्याचा माणूस, आसवनी हा माझा प्रांत नव्हे. पण मागच्या हंगामात गटाची फेरी करून परतताना एका धाब्यापुढे इथेनॉलचा टँकर उभा दिसला. किल्ली गाडीलाच, क्लीनरचा पत्ता नाही, ड्रायव्हर आत जेवतोय आणि पाच हातांवर एकजण विडी ओढतोय! टँकर कोणाचा ते सांगत बसत नाही.

उसाच्या रसापासून किंवा मळीपासून झालेले हे इथेनॉल तेल कंपन्यांच्या डेपोत पेट्रोलमध्ये मिसळायला जाते. एका मोठ्या टँकरमध्ये २० ते ४० हजार लिटर माल असतो. साधारण १३-१४ अंश सेल्सिअसलाच त्याची पेट घेण्याजोगी वाफ होते, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ बारमाही. ही वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे रस्त्याकडेच्या चरीत साचते. जाळ फिकट निळा, भर उन्हात धड दिसतही नाही. आग विझवायला नेहमीचा फेस चालत नाही, तो इथेनॉलमध्ये मोडतो. त्यासाठी वेगळा फेस लागतो.

घातपात करणाऱ्याला कारखान्याच्या गेटातून आत शिरायची गरजच काय? गेटवर पहारा आहे. रस्त्यावर एकटा ड्रायव्हर. २०१० साली राजस्थानातील धोलपूरहून मध्य प्रदेशात सागरकडे निघालेले स्फोटकांचे कित्येक ट्रक मुक्कामी पोहोचलेच नाहीत, आणि बोंब झाली ती फार उशिरा. तिथे कोणी गेट फोडले नव्हते. माल निघाला, पण पोहोचला का, हे वेळेवर कोणी विचारले नाही.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत हे स्पष्ट आहे. धोकादायक मालाची गाडी उभी करायची ती सुरक्षित जागी, आणि ती सतत ड्रायव्हरच्या किंवा १८ वर्षांवरील जाणत्या माणसाच्या नजरेखाली हवी. अशा ड्रायव्हरला खास प्रशिक्षण घ्यावे लागते. मालाची लेखी माहिती केबिनमध्ये ठेवायची असते. अर्थात सगळा दोष ड्रायव्हरच्या माथी मारून भागणार नाही. डेपोबाहेर रांगेत रात्र काढणाऱ्या माणसाने जेवायचे कुठे, झोपायचे कधी? सोबत दुसरा माणूस देणे हे मालकाचे काम. आणि टँकर सुटल्याची वेळ, सील नंबर व पोहोचल्याचा निरोप एकाच वहीत रोजच्या रोज टिपला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या सभासदांचे टँकर आहेत त्यांनी वाटेत अनोळखी माणूस गाडीत घेऊ देऊ नये. गाडी कोणत्या वाटेने, किती वाजता जाणार याची चर्चा चहाच्या टपरीवर नको. बाकीच्यांनी टँकरवरची पाटी ओळखावी. त्यावर मालाचे नाव, ११७० हा आकडा आणि तातडीचा फोन नंबर असतो. बेवारस टँकर दिसला, आडवाटेला कोणी सील तोडताना दिसले, तर जवळ न जाता ११२ ला फोन करा. टँकर उलटला तर बादल्या, कॅन घेऊन धावू नका. मोटारसायकलही लांबच बंद करा.

पुढच्या गट सभेला टँकर ड्रायव्हरांनाही बोलवायचे आहे. त्यांच्या अडचणी त्यांच्याच तोंडून ऐकू.