व्यवसायाची कायदेशीर व्याख्या आणि क्रियापदांची मर्यादा

नाभिक, सौंदर्यप्रसाधक आणि त्वचेची निगा राखणारा या तिघांची कामे व्यवहारात एकमेकांत मिसळलेली असतात. परंतु जेथे या व्यवसायांसाठी परवाना लागतो, तेथे त्यांच्यामधील सीमा शब्दांनीच आखावी लागते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हे कार्य प्रत्येक राज्याचे विधिमंडळ स्वतंत्रपणे करते. ही सीमा व्यवसायाच्या नावाने ठरत नसून क्रियापदांच्या यादीने ठरते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

कॅलिफोर्निया राज्याचा कायदा या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. केस कापणे, धुणे, रंगविणे या क्रिया नाभिक व सौंदर्यप्रसाधक या दोघांच्याही यादीत आढळतात. दाढी करणे ही क्रिया मात्र नाभिकाची. येथे भेद क्रियेचा आहे. अनावश्यक केस काढण्याच्या बाबतीत मात्र भेद साधनाचा होतो. मेण व चिमटा ही साधने मान्य आहेत. पण परवानाधारकाने माणसावर लेसर किरणांचा उपचार केल्यास तो गुन्हा ठरतो. शिवाय या परवान्यामुळे वैद्यकी अथवा शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार प्राप्त होत नाही, असेही कायदा स्पष्टपणे सांगतो. केस निघाला हा परिणाम एकच. तथापि साधन बदलताच कर्त्याचा अधिकार बदलतो.

साधनावर आधारलेली ही व्याख्या कोठे अपुरी पडते, हे दोऱ्याने भुवया कोरण्याच्या उदाहरणावरून कळते. पिळलेल्या सुती दोऱ्यात केस पकडून तो उपटण्याची ही रीत दक्षिण आशियातील लोकांबरोबर अमेरिकेत रुजली. तीत रसायन नाही, धारदार हत्यार नाही, उष्णताही नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने ती नाव घेऊन व्याख्येतून वगळली. टेक्सासच्या कायद्यात मात्र ‘चिमट्याने केस उपटण्याची तंत्रे’ अशा अर्थाचा व्यापक शब्दप्रयोग होता आणि चिमटा नसतानाही दोरा त्या शब्दांखाली आला. परिणामी, केवळ दोरा वापरणाऱ्या कारागिरावरही ७५० तासांच्या प्रशिक्षणाची अट आली. त्यासाठी ३,५०० ते ९,००० डॉलर खर्च येत असे.

कारागिरांनी या अटीस न्यायालयात आव्हान दिले. प्रशिक्षणाच्या ७५० तासांपैकी ३२० पर्यंत तासांचा त्यांच्या प्रत्यक्ष कामाशी संबंध नाही, ही गोष्ट राज्याच्या बाजूनेही नाकारता आली नाही. दि. २६ जून २०१५ रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने निर्णय दिला. त्यात ही अट या कारागिरांपुरती राज्यघटनेशी विसंगत व जाचक ठरविण्यात आली. स्वच्छतेसाठी नियम करण्याचा राज्याचा अधिकार निर्णयाने नाकारला नाही. नियमाचे ओझे कामाच्या स्वरूपाशी जुळले पाहिजे, एवढेच सांगितले.

भाषेच्या अंगाने यात एक बोधप्रद गोष्ट आहे. इंग्रजीत या कृतीचे नाव दोऱ्यावरून, म्हणजे साधनावरून पडले आहे. मराठीत आपण ‘भुवया कोरणे’ म्हणतो. कोरीव लेण्यांतील व कोरलेल्या दाढीतील हे क्रियापद आकार देण्याची कृती सांगते. ती कशाने केली हे सांगत नाही. त्यामुळे कायद्यात केवळ ‘भुवया कोरणे’ असे लिहिले, तर दोरा, चिमटा व वस्तरा यांतील भेद पुसला जाईल. उलट केवळ साधनाचे नाव लिहिले, तर नवे साधन येताच व्याख्या जुनी होईल.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ पासून मराठी ही राज्यकारभाराची भाषा झाली आहे. अशा भाषेत व्यवसायाची व्याख्या करताना क्रिया, साधन आणि संभाव्य अपाय या तिन्हींचा निर्देश वेगवेगळा असणे इष्ट होय. कोशातील अर्थ सैल राहिला तर वाचक अडखळतो. कायद्यातील अर्थ सैल राहिला तर एखाद्याचे दुकान बंद पडते.