पीडीएफ रीडर : कोणता घ्यावा, केव्हां बदलावा



आमच्या मुरगुडांत, वेदगंगेच्या कांठच्या या लहानशा गांवांत, पंचवीस वर्षांपूर्वीं पीडीएफ हा शब्द फारसा कोणाच्या कानांवरून गेला नव्हता. आज सातबाऱ्याचा उतारा त्या रूपानें येतो, आधारपत्र त्या रूपानें येतें, बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें त्या रूपानें मिळतात, आणि लग्नाची पत्रिकाहि त्याच रूपानें मोबाइलवर येऊन पडते. मी निवृत्त शिक्षक. शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत. हातांत वेळ आणि घरांत एक म्हातारा संगणक, एवढ्या भांडवलावर शेजारचीं माणसें मला या विषयांतला जाणकार समजतात आणि विचारतात, ‘गुरुजी, हें उघडायला कोणता रीडर घेऊं? आणि तो सारखा नवा घ्या, नवा घ्या म्हणतो, घेऊं का?’ या दोन प्रश्नांचीं उत्तरें मीं थोडे पैसे घालवून शिकलों आहें. तीं आज आपल्यापुढें ठेवतों.

प्रथम हें प्रकरण काय आहे तें पाहूं. कागद एका यंत्रावर तयार करावा आणि दुसऱ्यावर उघडतांच अक्षरें बदलावीं, ओळी सरकाव्या, कोष्टकें मोडावीं, अशी पूर्वीं स्थिति होती. ती अडचण दूर करण्याची कल्पना अ‍ॅडोबी कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनीं १९९१ सालीं मांडली, व १९९३ सालीं पीडीएफ जगापुढें आलें. पान जसें रचलें तसेंच सर्वत्र दिसावें, हें त्याचें ब्रीद. त्यासाठीं अक्षरांचीं वळणेंसुद्धां बहुधा फायलीच्या पोटांतच बांधून दिलेलीं असतात. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी; पुढें तिच्याशीं आपलें काम आहे. २००८ सालीं या रचनेला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. वाड्यांतला खाजगी आड गांवचा पाणवठा झाला. आतां ज्यानें त्यानें आपापली कळशी आणावी.

म्हणून ‘सर्वांत चांगला रीडर कोणता’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. त्या कागदाचें तुम्हांला काय करावयाचें आहे, हें आधीं सांगा. नुसतें वाचावयाचें वा छापून घ्यावयाचें असेल तर वेगळें कांहीं आणूंच नये. फायरफॉक्समध्यें २०१३ सालापासून पीडीएफ आपोआप उघडतें. क्रोम आणि एज यांतहि ती सोय आहे. मोठीं पुस्तकें वरचेवर चाळावयाचीं असतील आणि यंत्र जुनें असेल, तर विंडोजवर सुमात्रा नांवाचा फुकट रीडर आहे. तो इतका आटोपशीर आहे कीं, माझ्या दमेकरी संगणकावरहि झटकन् उघडतो. ओक्युलर हा तसाच दुसरा. त्याला २०२२ सालीं जर्मनीचें ‘ब्लू एंजल’ हें पर्यावरणस्नेही मालाचें चिन्ह मिळालें. रीडरला असलें चिन्ह कशाला, असें मलाहि प्रथम वाटलें. पण जो प्रोग्रॅम जुन्या यंत्रावर चांगला चालतो तो एक यंत्र भंगारांत जाण्यापासून वांचवितो, हा त्यांतला हिशेब आहे.

कांहीं भरावयाचे नमुने मात्र असे असतात कीं, ते इतर रीडरांत उघडले तर ‘कृपया थांबा’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना दिसते. तेथें कितीहि थांबून उपयोग नाहीं. ते अ‍ॅडोबीच्या एका जुन्या खास पद्धतीनें बनविलेले असतात. त्यांना बहुधा अ‍ॅडोबीचाच रीडर लागतो.

सहीची गोष्ट याहून महत्त्वाची. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वयें डिजिटल सहीला कायद्याची मान्यता आहे, आणि आधारपत्राच्या पीडीएफवर तशी सही असते. एके दिवशीं एक शेतकरी गृहस्थ कासावीस होऊन माझ्याकडे आले. पीककर्जाच्या कागदांत आधारपत्र जोडावयाचें, आणि सहीच्या जागीं पिवळें प्रश्नचिन्ह! कोणी तरी त्यांना ‘हें खोटें आहे’ असें सांगून टाकलें होतें. त्या चिन्हाचा अर्थ ‘खोटी सही’ असा नव्हे. ‘सही करणाराची मला ओळख नाहीं’ एवढाच आहे. ओळख करून दिली कीं काम होतें. फाइल अ‍ॅडोबीच्या रीडरांत उघडावी. चिन्हावर माउसची उजवी कळ दाबून सहीचे गुणधर्म पाहावे. प्रमाणपत्रांच्या साखळींत ‘सीसीए इंडिया’ हें नांव शोधावें, त्यावर विश्वास असल्याची नोंद करावी आणि सही पुन्हां तपासावी. इंटरनेट चालूं असावें. आम्हीं तसें केलें, आणि प्रश्नचिन्हाच्या जागीं हिरवी खूण आली. गृहस्थांनीं ती खूण दोनदां बोट लावून पाहिली. ब्राउझरमध्यें ही तपासणी सहसा होत नाहीं, आणि कागदावर छापल्यावर तर ती सही नुसतें चित्र उरते. म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी.

आतां दुसरा प्रश्न. पुस्तकाला शुद्धिपत्र निघतें आणि पुस्तकाची नवी आवृत्तिहि निघते; या दोहोंत जो भेद, तोच येथें आहे. रीडरचीं शुद्धिपत्रें, म्हणजे अपडेट, आलीं कीं ताबडतोब लावावीं. पीडीएफच्या पोटांत आज्ञाहि लपवितां येतात, आणि रीडरच्या दोषांतून त्या आपल्या यंत्रांत शिरूं शकतात. याच भीतीनें अ‍ॅडोबीनें २०१० सालीं आपल्या रीडरांत फाइल जणूं कोंडवाड्यांत ठेवून उघडण्याची योजना केली. ज्या रीडरचीं शुद्धिपत्रें बंद झालीं तो कितीहि हातवळणीचा असला तरी सोडावा. अ‍ॅक्रोबॅट रीडर ११ चीं २०१७ सालीं बंद झालीं. मात्र अपडेट रीडरच्या स्वतःच्या यादींतून किंवा कर्त्याच्या संकेतस्थळावरून घ्यावें. भलत्याच पानावर ‘तुमचा रीडर जुना झाला’ अशी पाटी उगवली तर तिला हात लावूं नये.

नवी आवृत्ति ही निराळी गोष्ट. तिच्यांत आपल्याला हवें असें प्रकरण नसेल तर ती घेण्याचें कारण नाहीं. शिवाय येथें साधूच्या लंगोटीची गोष्ट सुरू होते. नवा रीडर म्हणतो, विंडोज नवें आणा. विंडोज म्हणतें, यंत्र नवें आणा. विंडोज ७ चा सांभाळ २०२० सालीं थांबला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं. ज्यांचें यंत्र धड आहे त्यांनीं त्यावर फुकट मिळणारें लिनक्स घालून ओक्युलर वापरावें, असें माझें मत आहे.

माझे पैसे गेले ते याच ठिकाणीं. १९९८ सालची एका शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका माझ्याकडे पीडीएफ रूपानें आहे. माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याची कन्या परदेशीं असते. वडिलांचा उल्लेख जेथें जेथें असेल तीं पानें तिला वर्षश्राद्धाच्या आधीं हवीं होतीं. शोधाच्या चौकटींत आडनांव घातलें. उत्तर आलें, एकहि नाहीं. आणि आडनांव तर माझ्या डोळ्यांसमोर छापलेलें दिसत होतें! एका दुकानदारानें सांगितलें, रीडर जुना आहे, मोठी आवृत्ति घ्या. मीं वर्षाची वर्गणी भरली. पुन्हां शोधलें, पुन्हां शून्य.

कारण पुढें कळलें. त्या काळच्या छापखान्यांतील मराठी फाँटांत देवनागरी आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेल्या असत. आकृति फायलीच्या पोटांत असल्यामुळें डोळ्याला ‘क’ दिसतो, पण यंत्राच्या वहींत तेथें भलतेंच इंग्रजी अक्षर नोंदलेलें असतें. युनिकोडनें १९९१ सालींच देवनागरीला स्वतंत्र क्रमांक दिले. छापखान्यांनीं ते स्वीकारावयास बरींच वर्षें गेलीं. आणि युनिकोडांतल्या पीडीएफांतहि ऱ्हस्व वेलांटीचा घोटाळा होतो, कारण ती उच्चारांत व्यंजनामागून येते आणि पानावर त्याच्या आधीं बसते. हा दोष फायलीचा. रीडर बदलून तो जाणार कसा?

उपाय निराळाच निघाला. पानाचें चित्र पाहून अक्षर ओळखणारा टेसरॅक्ट नांवाचा फुकट प्रोग्रॅम मराठी जाणतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें चार रात्री बसून सगळीं पानें त्यांतून काढलीं. ‘ध’चा ‘मा’ झाला नाहीं, पण ‘ध’चा ‘घ’ पुष्कळ ठिकाणीं झाला. तरी सात पानें सांपडलीं. त्यांतल्या एकावर, तिच्या वडिलांनीं शाळेच्या विहिरीसाठीं सुटीच्या दिवशीं घरोघर फिरून वर्गणी जमविल्याची नोंद होती. इतकीं वर्षें शेजारीं बसून मला ती ठाऊक नव्हती. पानें वर्षश्राद्धाच्या चार दिवस आधीं तिला पोंचलीं; तिनें तीं मोबाइलवरच वाचलीं. मोठ्या आवृत्तीची वर्गणी मीं पुढच्या वर्षीं भरली नाहीं.