चकाकीची मर्यादा

ऑक्सफर्ड शहरात मॉरिस गॅरेजेसच्या छायेत सेसिल किम्बर यांनी ज्या क्रीडा-मोटारींचा पाया घातला, त्यांचे बस्तान 1929 साली जवळच्याच ॲबिंग्डन गावी हलले. आणि तेथून 1962 ते 1980 या काळात एमजीबी ही मोटार, तिच्या छतबंद जीटी प्रकारासह, पाच लाखांहून अधिक संख्येने बाहेर पडली. कारखाना 1980 साली बंद झाला. तरीही या मोटारी आजवर धावत राहिल्या, याचे श्रेय त्या घडविणाऱ्यांइतकेच, वर्षानुवर्षे चिकाटीने त्यांचा जीर्णोद्धार करणाऱ्यांनाही दिले पाहिजे.

या मोटारीला वेगळी चौकट नाही. दाबून घडविलेला पत्राच सारा भार वाहतो. म्हणून दारांखालच्या पोकळ तुळयांत शिरलेला गंज हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही, गाडीचा कणाच त्यामुळे दुबळा होतो. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने 1988 साली मूळ साच्यांवरून नवे सांगाडे काढावयास आरंभ केल्यापासून ही अडचण पैसा खर्चून दूर करता येते. खरी परीक्षा लहान भागांपाशी सुरू होते.

एसयू कार्ब्युरेटरचेच पाहा. पादत्राणांच्या व्यापारातील कुटुंबात जन्मलेल्या जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जे यंत्र योजिले, त्यात प्रथम चामड्याचा भाता होता. पुढे त्याच्या जागी धातूचा दट्ट्या आला. हवेचा ओघ वाढला की दट्ट्या वर उचलला जातो, त्याला जडलेली निमुळती सुई पितळी नळीतून तेवढीच वर येते आणि पेट्रोलला वाट मोकळी होते. दट्ट्या व त्यावरील ॲल्युमिनियमचे घंटाकृती झाकण यांच्यामध्ये कसलीही कडी वा गादी नसते. दोहोंमधील सूक्ष्म अंतरावरच साऱ्या यंत्राची मदार असते, आणि म्हणूनच ही जोडी कधीही फोडू नये. आतून काजळीचा थर दिसताच पॉलिश कागद हाती घेणारा मनुष्य, त्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी, या अंतराचाच नाश करतो. आतला भाग द्रावकाने भिजवून मऊ कापडाने पुसावा, आणि दट्ट्या बोटाने उचलून सोडून द्यावा. तो न अडखळता खाली येऊन स्पष्ट ‘टक्’ असा वाजला, की काम पुरे झाले. बाहेरून आरशासारखी चमक आणण्याचा हव्यासही मला मान्य नाही, कारण कारखान्यातून निघताना या झाकणांना तशी चमक नव्हतीच. उलट थ्रॉटलचा दांडा झिजून त्याच्या कडेने हवा शिरत असेल, तर तेथे नवे बूश बसविण्याचे कष्ट टाळू नयेत. ते टाळले तर झाकण कितीही चकाकले तरी इंजिन संथ चालीत डळमळतच राहील.

क्रोमच्या मुलाम्याची कथा याहून कठीण आहे. कल्हईवाला भांडे आधी घासून निखळ करतो, तसेच येथेही सर्व यश खालच्या धातूच्या तयारीत असते: प्रथम तांबे, मग निकेल, आणि सर्वांत वर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असा क्रोमचा पापुद्रा. पोलादी बंपर ही प्रक्रिया सोसतो. परंतु दिव्यांच्या बैठका, मुठी असे कित्येक भाग मॅझॅक नामक जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. त्यांवर फोड येतात, आणि जुना मुलामा उतरविणारे आम्ल त्या फोडांखालचे जस्तही खाऊन टाकते. प्रत्येक खळगा कोरून, तांब्याने भरून, पुन्हा समतल केल्यावाचून असा भाग सुधारत नाही. म्हणून ज्याचे फोड किरकोळ आहेत, तो भाग मुलामा चढविणाऱ्याकडे धाडण्याची घाई करू नये.

आरंभीच्या एमजीबीचा काळा, सुरकुतलेल्या रंगाचा दर्शनी तक्ता हा मला या सर्वांत अधिक प्रिय. त्या रंगाचा जाड थर देऊन ऊब दिली असता वरचे कवच आतल्या थराआधी वाळते व आकसून चुण्या पडतात. थर पातळ पडला तर चुण्याच उमटत नाहीत, आणि असमान पडला तर पट्टे दिसतात. या चुण्यांमुळे उन्हाची तिरीप चालकाच्या डोळ्यांवर परावर्तित होत नाही, ही सोय सपाट तकतकीत रंग चढविणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. तक्त्यावरील मूळ थर एखाद्या कोपऱ्यात उडालेला असला, तरी बाकीचा शाबूत असेल तर त्याला हात लावू नये. साबणाच्या कोमट पाण्याने मऊ ब्रश फिरवून चुण्यांतील धूळ काढावी, आणि उडालेल्या जागेपुरताच नवा रंग द्यावा.