संग्रहालय पाहायला चला

शहरात गेलो की आपण बाजार करतो, दवाखाना करतो आणि गाडी धरतो. संग्रहालयाच्या दारात मात्र पाऊल अडते. पैसे पडतील, कोणी हटकेल, असे वाटते. आम्ही शाळेची मुले घेऊन जात असू, तेव्हा सोबत आलेल्या आया बाहेर पायरीवरच बसून राहत.

सेवाग्रामला तिकीट नाही. वर्ध्याहून ते आठ किलोमीटर. गांधीजी तेथे 1936 साली राहावयास आले. त्यांची माती-बांबूची, कवेलूची कुटी आजही उभी आहे. तेथे साप धरायचा चिमटा आणि पिंजरा ठेवला आहे. साप मारायचा नाही, धरून दूर रानात सोडायचा, असा आश्रमाचा नेम होता.

वर्ध्यात मगन संग्रहालय आहे. ते 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींनीच उघडले. खादीसाठी झटलेल्या मगनलाल गांधींचे नाव त्याला दिले आहे. तेथे चरखे आहेत, शेतीची अवजारे आहेत. फी लागते का, ते दारावर विचारावे. त्यात लाज कसली? वस्तूजवळ चिठ्ठी दिसली, तर सावकाश वाचा. आता तुम्हाला वाचता येते. आणि आम्हाला विचाराल तर, चिठ्ठी लिहिणाऱ्यापेक्षा औत हाकणाऱ्याला अवजाराचे जास्त कळते! सोबतच्या पोरांना तेही सांगा.

पोरगा मुंबईला असेल, तर त्याच्यासोबत जहांगीर कलादालनात जा. ते 1952 साली सुरू झाले. चित्रे पाहायला तिथेही तिकीट नाही. चित्र कळले नाही तरी बिघडत नाही. आवडेल त्यापुढे थांबा, नाही तर पुढे चला. चित्रकार जवळ असेल, तर खुशाल विचारा.

कुठेही वस्तूला हात लावू नये. आणि घरून निघण्याआधी सुट्टीचा वार विचारून घ्यावा, नाही तर गाडीभाडे फुकट जाते.