शिंदळ माकुडीची जोपासना

शिंदळ माकुडी ही रुईच्या कुळातील मांसल खोडाची वनस्पती महाराष्ट्राबाहेर निसर्गतः आढळत नाही. मुंबईचे गव्हर्नर (१८६२-६७) सर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिचे ‘फ्रेरिया’ हे शास्त्रीय नाव पडले. शिवनेरी, पुरंदर अशा किल्ल्यांच्या उभ्या कड्यांवर, खडकाच्या भेगेतील मूठभर मातीत ती वाढते. तेथे मुळाशी पाणी थांबत नाही. भिवपुरीच्या मुसळधार पावसात नेमकी हीच अडचण येते.

म्हणून ती कुंडीतच लावावी. दोन भाग जाड वाळू व एक भाग हलकी माती घ्यावी; भातखाचरातील चिकण माती मुळीच वापरू नये. बोटभर लांबीचे खोड कापून चार-पाच दिवस सावलीत ठेवावे व चीर सुकल्यावर लावावे. मृगापूर्वी कुंडी पडवीत, भरपूर उजेडात, परंतु पागोळ्यांपासून दूर हलवावी. पावसाळा सरता सरता पिवळ्या ठिपक्यांची किरमिजी, चांदणीसारखी फुले येतात.

उन्हाळ्यात पाने गळून नुसते खोड उरते. झाड वाळले असे समजून लोक भरपूर पाणी घालतात, आणि मग ते खरोखरच कुजते. त्या काळात पाणी अगदी बेताने द्यावे.

ही वनस्पती दुर्मिळ असल्यामुळे कड्यावरील रोप कोणीही उपटू नये. कुंडीतील एका झाडाच्या छाटांपासून अनेक रोपे होतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तीच वाटावीत.